ललिता पवार : नायिकेपासून चरित्र अभिनेत्रीपर्यंतची वाटचाल

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाचा इतिहास बहुतांशी नायक, नायिका आणि दिग्दर्शक यांच्या नावांभोवती लिहिला गेला आहे. चित्रपटसृष्टीचा दैनंदिन व्यवहार मात्र ज्यांच्या खांद्यावर चालतो, त्या चरित्र कलावंतांची नोंद या इतिहासात अनेकदा भूमिकांच्या यादीपुरतीच होते. आई, सासू, आत्या, घरमालकीण, मोलकरीण अशा भूमिका वर्षानुवर्षे करणाऱ्या अभिनेत्रीकडे 'कलावंत' म्हणून पाहण्यापेक्षा 'टाइप' म्हणून पाहण्याची सवय प्रेक्षकांप्रमाणे समीक्षकांनाही जडलेली दिसते. ललिता पवार हे या सवयीचे सर्वांत ठळक उदाहरण होय. त्यांचे नाव उच्चारताच खाष्ट सासू डोळ्यांसमोर उभी राहते. ही सासू पडद्यावर कशी आली, तिच्या मागे कोणता अपघात आणि किती मोठी कारकीर्द उभी होती, आणि त्या प्रतिमेपलीकडे या अभिनेत्रीने काय केले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

येवल्याची अंबू

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी झाला. मूळ नाव अंबिका, वडिलांचे नाव लक्ष्मणराव सगुण. नाशिक जिल्ह्यातील येवला हे त्यांचे गाव. पैठणी आणि रेशमी विणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातील कुटुंबाचा व्यवसायही कापडाचाच होता. अशा घरातील मुलगी त्या काळी चित्रपटात जाणे ही साधी गोष्ट नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही आणि अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसवावी लागली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढील पंधरा वर्षांत परिस्थिती थोडी पालटली, तरी चित्रपटात काम करणारी स्त्री समाजाच्या दृष्टीने संशयास्पदच होती. दुर्गा खोटे यांनी १९३२ साली 'अयोध्येचा राजा'मध्ये भूमिका केल्यानंतर प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना हे क्षेत्र खुले झाले असे मानले जाते. अंबू सगुण त्याआधीच, अजाण वयात, कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. फरक इतकाच, की दुर्गाबाई शिक्षित व उच्चभ्रू घरातील असल्याने त्यांच्या पदार्पणाची चर्चा झाली. येवल्याच्या मुलीच्या वाट्याला तशी चर्चा आली नाही.

पुण्यात नानासाहेब सरपोतदार यांची आर्यन फिल्म कंपनी होती. अंबूची सुरुवात तेथे, मूकपटांतील बालभूमिकांपासून झाली. त्या काळातील फिल्म कंपनी ही आजच्या अर्थाने निर्मितीसंस्था नव्हती. कलावंत मासिक पगारावर असत आणि जे काम पुढ्यात येईल ते करीत. अभिनयाचे वेगळे शिक्षण देणारी संस्था अस्तित्वात नव्हती. कंपनी हीच शाळा होती. ललिताबाईंना औपचारिक शालेय शिक्षण फारसे लाभले नाही, पण वेळेवर येणे, सांगितलेले नेमके करणे आणि कामाला नाही न म्हणणे ही जी शिस्त त्यांच्या पुढच्या कारकिर्दीत दिसते, तिचे मूळ या पगारी नोकरीत असावे.

साहसपटांची नायिका

दिग्दर्शक जी. पी. अर्थात गणपतराव पवार यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि 'ललिता पवार' हे नाव रूढ झाले. गणपतराव पवारांनी दिग्दर्शित केलेला 'दिलेर जिगर' (१९३१) हा मूकपट सुदैवाने आजही उपलब्ध आहे. भारतातील बहुसंख्य मूकपट नष्ट झाले असल्याने या चित्रपटाचे मोल मोठे आहे. डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांचा प्रभाव असलेल्या या चित्रपटात तलवारबाजी, कसरती आणि पाठलाग यांची रेलचेल आहे, आणि नायिकेच्या भूमिकेत आहे ती पंधरा वर्षांची, चपळ, मोकळ्या चेहऱ्याची ललिता. ज्यांनी केवळ साठच्या दशकातील सासू पाहिली आहे, त्यांना हीच ती अभिनेत्री हे पटकन ओळखता येणार नाही.

बोलपट आल्यावर अनेक मूकपट कलावंतांची कारकीर्द संपली. भाषा, उच्चार आणि गळा या तीन कसोट्यांवर ते उतरले नाहीत. पार्श्वगायनाची पद्धत रुळण्यापूर्वी नट-नटींना स्वतःच गावे लागे. ललिताबाई या तिन्ही कसोट्यांना उतरल्या. 'हिम्मत-ए-मर्दां' (१९३५) सारख्या हिंदी चित्रपटांत त्या नायिका होत्या. मराठीत भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' (१९३९) आणि वि. स. खांडेकर यांच्या कथेवरील, मास्टर विनायक दिग्दर्शित 'अमृत' (१९४१) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट. निर्मितीतही त्यांनी पाऊल टाकले होते. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटाच्या त्या सहनिर्मात्या होत्या, तर टॉल्स्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवर आधारित 'दुनिया क्या है' (१९३७) हा बोलपट त्यांनी स्वतः निर्माण केला. एका उमरावाने फसवलेल्या आणि समाजाने टाकलेल्या स्त्रीची ही कथा. विशी नुकतीच ओलांडलेल्या अभिनेत्रीने स्वतःचे पैसे घालण्यासाठी नेमकी ही कथा निवडावी, याकडे अभ्यासकांचे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले नाही.

१९४२ चा अपघात

१९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवान यांनी ललिताबाईंना थोबाडीत मारण्याचे एक दृश्य होते. हे नट पुढे 'अलबेला'मुळे भगवानदादा म्हणून गाजले. प्रहाराचा अंदाज चुकला आणि थप्पड प्रत्यक्षात जोरात बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला. उपचार सुमारे तीन वर्षे चालले असे सांगितले जाते. चेहरा बराच सावरला, परंतु डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

या घटनेकडे केवळ दुर्दैव म्हणून पाहणे पुरेसे नाही. नटीच्या दृष्टीने चेहरा हे कामाचे साधन असते. सुताराचा हात निकामी व्हावा, तसा हा प्रकार होता. चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू हलेनासे झाले की हसणे, भुवई उंचावणे, ओठ मुडपणे या क्रिया अर्ध्याच होतात. समोरासमोर बोलताना हे फारसे जाणवणार नाही; समीपदृश्यात मात्र पडद्यावर चेहरा कित्येक फूट मोठा होतो आणि लहानसा फरकही लपत नाही. आज असे प्रसंग चित्रित करताना कॅमेऱ्याचा कोन असा ठेवला जातो की हात गालाला लागतही नाही, आणि आवाज नंतर जोडला जातो. साहसदृश्यांसाठी वेगळे तंत्रज्ञ असतात. १९४० च्या दशकात अशी व्यवस्था अपवादानेच असे, आणि 'खरेपणा'च्या नावाखाली धोका पत्करणे हे नटाचे कर्तव्यच समजले जाई. चित्रपट कामगारांच्या नोकरीच्या अटींचे नियमन करणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा १९८१ साली झाला, म्हणजे या अपघातानंतर जवळपास चाळीस वर्षांनी. १९८२ मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाले तेव्हा सारा देश हळहळला. १९४२ मध्ये एका नायिकेचा चेहरा गेला, तो तिचा खासगी प्रश्न ठरला.

भगवान यांच्याविषयी चार शब्द येथे आवश्यक आहेत. हा प्रसंग सांगताना त्यांना खलनायक ठरवण्याचा मोह काही लेखकांना आवरलेला नाही. तो अन्याय आहे. तालीम आणि संरक्षण यांची कोणतीही रीत नसलेल्या व्यवस्थेतील तो अपघात होता आणि त्यात दोघेही कलावंत सापडले होते.

'रामशास्त्री' आणि नवा चेहरा

प्रभात फिल्म कंपनीचा 'रामशास्त्री' १९४४ मध्ये प्रदर्शित झाला. गजानन जागीरदार यांनी त्यात न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची भूमिका केली. ललिताबाई आनंदीबाई झाल्या. तीन वर्षांच्या उपचारांची हकीकत आणि हे साल एकत्र ठेवून पाहिले, तर उपचार आणि काम ही दोन्ही काही काळ बरोबरच चालली असावीत असे अनुमान निघते. पूर्ण बरे होईपर्यंत घरी बसणे बहुधा परवडणारे नव्हते.

मराठी मनात आनंदीबाई म्हणजे 'ध' चा 'मा' करणारी, पुतण्याच्या खुनाचे पाप जिच्या माथी आहे अशी स्त्री. इतिहास याबाबत काय म्हणतो हा वेगळा प्रश्न. लोकस्मृतीतील खलस्त्री म्हणून ती भूमिका ठरलेलीच होती. बारीक झालेला डोळा येथे प्रथमच भूमिकेच्या उपयोगाला आला. अपघाताने नायिकेचे पद हिरावले आणि त्याच अपघाताने दिलेल्या खुणेवर पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे उभी राहिली, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. या विधानात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. चित्रपटसृष्टीने शारीरिक व्यंगाला दुष्टपणाची खूण मानले, ही त्यातील दुसरी आणि कमी सुखद बाजू होय. शकुनीचा लंगडेपणा, मंथरेचे कुबड, एका डोळ्याने अधू माणसाविषयीच्या म्हणी, असे संकेत आपल्या कथापरंपरेत रुजलेले आहेतच. पडद्यावर ते अधिक पक्के झाले. ज्या स्त्रीचा डोळा कामावर असताना अधू झाला, तिला त्याच डोळ्यामुळे कपटी, मत्सरी, क्रूर ठरवले गेले आणि प्रेक्षकांनी तिचा मनापासून तिरस्कार केला. तो तिरस्कार हीच तिच्या अभिनयाची पावती मानली गेली.

आई, सासू आणि वय

नायिकेच्या भूमिका बंद झाल्या तेव्हा ललिताबाईंनी वयाची तिशीही गाठली नव्हती. पुढे त्यांनी ज्यांच्या आया साकारल्या त्या नायकांची जन्मवर्षे पाहण्यासारखी आहेत. 'दाग' (१९५२) मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई होत्या. दिलीपकुमारचा जन्म १९२२ चा, म्हणजे मुलापेक्षा आई अवघ्या सहा वर्षांनी मोठी. 'हम दोनों' (१९६१) मध्ये त्यांनी आईची भूमिका केली तेव्हा देव आनंद त्यांच्याहून सातच वर्षांनी लहान होते. 'जंगली' (१९६१) मधील शम्मी कपूर त्या मानाने पुष्कळच धाकटे, पंधरा वर्षांनी. पुरुष नट चाळिशीत नायक राहतो आणि त्याची समवयस्क नटी त्याची आई होते, ही हिंदी चित्रपटातील जुनी विषमता या आकड्यांतून उघड होते. ललिताबाईंच्या बाबतीत अपघाताने ती दहा-पंधरा वर्षे अलीकडे आणली.

सासूच्या भूमिकांची परंपरा व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' (१९५०) पासून ठळक होते. हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू त्यांनी अशी उभी केली की तो चित्रपट आठवताना सासूच प्रथम आठवते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली आला. त्यापूर्वी दशकभर हा प्रश्न सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचवण्यात अशा चित्रपटांचा वाटा होता. तथापि येथे एक गुंतागुंत आहे. छळाचा सारा दोष एका दुष्ट बाईच्या माथी मारला की हुंडा घेणारा सासरा, गप्प बसणारा नवरा आणि मुलीला 'ते तुझे घर' म्हणून परत पाठवणारे माहेर हे सगळे सहीसलामत सुटतात. ललिताबाईंचा प्रभावी अभिनय अनेकदा या सुटकेला अनवधानाने हातभार लावून गेला. गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) मध्ये त्यांनी स्त्री-हक्क आणि घटस्फोटाचा पुरस्कार करणारी सीतादेवी साकारली. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा संमत झाला होता. चित्रपट सुंदर आहे, गाणी तर अविस्मरणीय. पण सुधारक स्त्रीला पुरुषद्वेष्टी, हटवादी आत्या म्हणून रंगवताना त्याने जी थट्टा केली आहे ती आज खटकते. बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) मध्ये त्यांचा तोच कर्मठपणा योग्य कारणी लागला. अस्पृश्य घरात जन्मलेल्या मुलीला विटाळ मानणारी ही वृद्धा आरडाओरडा करीत नाही. जातीचा तिरस्कार तिला नित्यनेमासारखा सहज आहे आणि म्हणूनच तो भयावह वाटतो.

प्रतिमेपलीकडे : गंगामाई आणि मिसेस डिसा

ललिताबाईंच्या अभिनयाचे खरे माप जेथे मिळते, त्या भूमिका खलस्त्रीच्या नाहीत. राज कपूर यांच्या 'श्री ४२०' (१९५५) मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई आहेत. शहरात नव्याने आलेल्या नायकाशी ती केळ्यांच्या भावावरून घासाघीस करते, आणि त्या भांडणातूनच माया जुळते. ही बाई प्रेमळ आहे, पण गोड नाही. तिचे बोलणे खडे, हातवारे मोकळे, उभे राहणे मुंबईतल्या कोणत्याही मराठी भाजीवालीसारखे. हिंदी चित्रपटात तोवर आई म्हणजे देव्हाऱ्यासमोर रडणारी स्त्री. गंगामाई कष्टकरी आहे आणि तिच्या मायेला व्यवहाराचे भान आहे.

हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी' (१९५९) मधील मिसेस डिसा हे त्याच्या पुढचे पाऊल. एका भाबड्या, बेकार तरुणाला आश्रय देणारी ही ख्रिस्ती घरमालकीण. तोंडाने सतत भाड्याचा तगादा लावायचा आणि हाताने जेवू घालायचे, असा तिचा खाक्या. ज्या कारखान्यात तो तरुण नोकरी करतो, त्याच कारखान्याच्या सदोष औषधाने तिचा मृत्यू होतो आणि आळ त्याच्यावर येतो. चित्रपटाचा नैतिक प्रश्न या मृत्यूवर उभा असल्याने ही दुय्यम भूमिका प्रत्यक्षात मध्यवर्ती ठरते. ती जितकी जिवंत, तितका तो प्रश्न धारदार. या भूमिकेसाठी ललिताबाईंना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की डोळा तोच आहे. 'दहेज'मध्ये जो डोळा कपट दाखवतो, तोच येथे खट्याळपणा आणि लपवलेली माया दाखवतो. म्हणजे दुष्टपणा चेहऱ्यात नव्हता. तो संवादफेक, मानेचा झोक आणि नजरेचा वेग यांतून जाणीवपूर्वक घडवला जात होता. मुखर्जींनी पुढे 'आनंद' (१९७१) मध्येही त्यांना मेट्रन डिसा हेच आडनाव दिले. शिस्तप्रिय मेट्रन मरणाच्या दारातील तरुणापुढे विरघळते, तो प्रसंग काही मिनिटांचाच आहे, पण जुन्या मिसेस डिसाची आठवण ठेवणाऱ्या प्रेक्षकाला त्यात दुहेरी अर्थ सापडतो.

विनोदातही त्यांनी आपल्या प्रतिमेचा चांगला उपयोग करून घेतला. 'प्रोफेसर' (१९६२) मध्ये कडक पालक असलेली प्रौढा म्हाताऱ्याच्या वेषातील शम्मी कपूरवर भाळते. पटकथेला तिची टवाळीच अभिप्रेत आहे. ललिताबाईंनी मात्र त्या स्त्रीची लाज आणि उशिरा उमललेली आशा इतकी प्रामाणिकपणे दाखवली, की हसता हसता प्रेक्षकाला थोडे अपराधी वाटावे. चरित्र कलावंत पटकथेत नसलेले काही कसे भरून काढतो, याचा हा उत्तम नमुना मानावा लागेल.

मराठीशी त्यांचे नाते हिंदीतील व्यग्रतेतही तुटले नाही, व्ही. शांताराम यांच्या 'अमर भूपाळी' (१९५१) मध्ये त्या होत्या. १९६१ च्या सुमारास संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. व्यक्तिगत जीवनात पहिला विवाह टिकला नाही. पुढे चित्रपट निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांनी विवाह केला.

मंथरा, दोनदा

'संपूर्ण रामायण' (१९६१) या पौराणिक चित्रपटात त्यांनी मंथरा केली होती. पंचवीस वर्षांनी रामानंद सागर यांच्या दूरदर्शन मालिकेत तीच भूमिका पुन्हा त्यांच्याकडे आली. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या या मालिकेतून नव्या पिढीने त्यांना पाहिले. ही मंथरा पाहताना एक गोष्ट जाणवते. कैकेयीचे कान भरताना ती ओरडत नाही, तर लहानपणापासून सांभाळलेल्या मुलीच्या हिताची काळजी बोलून दाखवते. दासीच्या निष्ठेतूनच विष उत्पन्न होते, हे त्यांनी ओळखले होते. २०२० च्या टाळेबंदीत मालिकेचे पुनःप्रक्षेपण झाले, तेव्हा त्यांच्या मृत्यूला बावीस वर्षे झाली होती.

अखेरची वर्षे त्यांनी पुण्यात काढली. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. सात दशकांत मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट आणि दूरचित्रवाणी या सर्व माध्यमांतून शेकडो भूमिका केलेल्या या अभिनेत्रीवर मराठीत वृत्तपत्रीय लेख पुष्कळ आहेत. भूमिकांचा कालानुक्रम, तत्कालीन करारपत्रे आणि मूकपटांतील काम यांचा साधार अभ्यास मात्र अजून व्हावयाचा आहे. त्यासाठी लागणारी सामग्री दूर नाही. 'रामशास्त्री' ज्या प्रभात स्टुडिओत घडला, त्याच जागेवर, पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर, आज फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. आणि त्याच रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या संग्रहात 'दिलेर जिगर' आहे, तलवार उपसून उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही उघड्या डोळ्यांसह.